नवापूरच्या बाकावर दीड हात सरकलं की

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. 1 मे 1960 रोजी जुन्या मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा हद्द फलाटाच्या मधून गेली आणि स्टेशन होतं तिथेच राहिलं. तिकिटाची खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, स्टेशन मास्तर तापी जिल्ह्यात. गाडीची घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होते. बाकाच्या एका टोकाला दारूबंदी, दुसऱ्या टोकाला नाही, यावरचे विनोद आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. लोक मुद्दाम उतरून फोटो काढतात. मीही काढला आहे.

त्या फोटोत न दिसणारी एक गोष्ट आहे. त्या बाकावर बसलेला मराठी माणूस दीड हात सरकला की बहुसंख्याकांतून उठून अल्पसंख्याकांत जाऊन बसतो. हे मी गमतीनं म्हणत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 30 नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. आणि अल्पसंख्याक कोण हे देशाच्या नव्हे तर राज्याच्या लोकसंख्येवरून ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींच्या पीठानं 2002 साली टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं. म्हणजे गुजरातेतल्या उच्छलच्या बाजूला मी भाषिक अल्पसंख्याक, नवापूरच्या बाजूला नाही. माणूस तोच, पिशवीतली भाकरीही तीच.

अल्पसंख्याक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक टोपी, एक ठरावीक मोहल्ला येतो. धुळ्यासारख्या शहरात वाढलेल्याच्या डोळ्यांपुढे तर येतोच, आणि त्यामागे 2008 आणि 2013 च्या दंगलींच्या आठवणीही असतात. त्यामुळे हा शब्द कोणाच्या तरी रक्तात असतो, असं वाटायला लागतं. माझ्या मते ती बसण्याची जागा आहे. आज आपण खिडकीपाशी आहोत, पुढच्या स्टेशनावर दारात लटकत असू. खान्देशातल्या माणसाला हे कळायला पुस्तक लागू नये, कारण आपली अर्धी भाऊबंदकी सुरतेत आहे.

माझे मामा 1980 च्या सुमारास शिंदखेडा तालुक्यातून सुरतेला गेले. दोन वर्षं पाऊस झाला नव्हता आणि विहिरीला तळ दिसत होता. सुरत-भुसावळ लाइनवरची पॅसेंजर पकडायची, उधन्याला उतरायचं आणि गाववाल्यांच्या खोलीत आठजणांत नववं व्हायचं, ही तेव्हाची रीत. मामा साड्यांच्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये लागले. हात कोपरापर्यंत कधी गुलाबी, कधी निळे. लिंबायत, उधना, पांडेसरा ही नावं आम्हाला दोंडाईचा-नंदुरबारइतकीच घरची झाली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे आमची खान्देशी देवी कानबाई बसते, तिचे रोट होतात, सोमवारी वाजतगाजत मिरवणूक निघते, आणि गुजरातचे पोलीस रहदारी अडवून धरतात.

मामाची मुलं सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. ती महापालिका गुजरातीशिवाय मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. गुजरातच्या करदात्यांच्या पैशातून खान्देशी गिरणी कामगाराच्या पोराला मराठीतून बाराखडी. सुरत महापालिकेनं मराठी लोकांचं लांगूलचालन केलं, असं मी आजवर खान्देशातल्या एकाही वट्ट्यावर ऐकलेलं नाही. ऐकतो ते हे, की शाळा चांगली होती, मास्तर अमळनेरकडचे होते, पोरगं हुशार निघालं. तो आपला हक्क होता, इतकंच आपल्याला ठाऊक. आणि तो होताच.

आता तीच गाडी उलट फिरवू. नंदुरबारला उतरायचं, तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावला जायचं. अक्राणी तालुका. इथे जवळजवळ सगळी वस्ती आदिवासी, पावरा, भिल्ल, तडवी, वसावे. घरातली भाषा पावरी किंवा भिलोरी. सहा वर्षांचं पोर पहिल्यांदा शाळेत येतं तेव्हा मास्तर त्याला 'बस' म्हणतात आणि ते उभंच राहतं. मास्तर समजतात पोर हट्टी आहे. कोणी म्हणतात मंद आहे. त्याला 'बस' म्हणजे काय ते ठाऊक नसतं, एवढाच त्याचा गुन्हा.

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनं पहिलीपासून हिंदी आणायचा आदेश काढला, तेव्हा सगळा मराठी मुलूख उठला. जूनच्या अखेरीस त्याबद्दलचे दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. मी त्या विरोधाच्या बाजूनं होतो, आजही आहे. पण त्या अडीच महिन्यांत जी वाक्यं आपण बोललो ती जरा आठवून बघा. कोवळ्या वयात परकी भाषा लादू नका. मूल आपल्या भाषेत विचार करतं. आधी मायबोली पक्की होऊ द्या, मग हव्या तितक्या भाषा शिकवा. यातलं प्रत्येक वाक्य धडगावच्या पावरा बाईला आपल्याविरुद्ध जसंच्या तसं म्हणता येईल, आणि तिच्या बाजूनं घटनेचा अनुच्छेद 350 क उभा राहील. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असं तो 1956 पासून सांगतो आहे. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही. तिच्या पोराला हिंदीच्या आधी मराठीच परकी आहे, हे आपल्या ध्यानातही आलं नाही.

एक प्रसंग सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत माझं सात-बाराचं काम होतं. माझ्या पुढे एक म्हातारा. हातात दुधाची पिशवी धुऊन केलेली प्लास्टिकची थैली, तिच्यात चार कागद. एका कागदावर त्याचं नाव 'या'नं संपत होतं, दुसऱ्यावर 'ऊ'नं. ही दोन माणसं नसून एकच आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. नाव लिहिणारे दोन्ही कारकून वेगवेगळे. दोघांनी आपापल्या कानाला जे बरं वाटलं ते लिहिलं. अंगठा लावायला सांगितला तर यंत्रावर उमटेना. बांबू आणि दगड हाताळून बोटांवरच्या रेघा गेलेल्या. म्हातारा पावरीत काहीतरी सांगत होता. कारकुनानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा आवाज चढला, "आजोबा, मराठीत सांगा ना, मराठीत!" शेवटी बाहेर उभा असलेला दप्तरवाला एक पोरगा आत आला आणि त्यानं मान खाली घालून दोघांमध्ये दुभाष्याचं काम केलं. त्याला कोणी थँक्यूही म्हटलं नाही. मीही नाही.

कारकून वाईट माणूस नव्हता. दुपारी तोच टपरीवर भेटला. चहा मागवला आणि मला म्हणाला, "काय करो भाऊ, माले त्यासनी भाषा येस नही, अन् वरथून साहेब म्हनतस लवकर आटप." अस्सल अहिराणी. म्हणजे मराठी त्याचीही शाळेत शिकलेली भाषा. पुण्याला प्रशिक्षणाला गेला असेल तेव्हा त्याच्या 'येस' आणि 'जास'ला लोक हसले असतील. आपल्यापैकी कोणाला हसले नाहीत? आम्ही सगळे त्या हसण्यातून गेलो आहोत. वसतिगृहात बाहेरची मुलं "काय रे, कथा चालना?" (कुठे चालला?) असं वेडावून विचारायची आणि आम्ही सहा महिन्यांत आपली बोली जिभेवरून खरवडून काढायचो. त्या अपमानाची आठवण ज्याच्याकडे आहे त्याच माणसानं खिडकीच्या आत बसल्यावर पावरीला 'भिलाऊ बोलणं' म्हणावं, हे मला फार लागतं. सासूचा जाच सोसलेली सून पुढे सासू झाली की काय करते, ते आपल्याला सांगायला नको.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. नियम सगळ्यांना सारखा आहे, खिडकी सगळ्यांना सारखी आहे, मराठी ही राज्याची राजभाषा आहे, यात भेदभाव कुठे आला? राजभाषेचा कायदा 1964 चा आहे आणि तो हवाच. त्याच्या मागे संयुक्त महाराष्ट्राचा लढा आहे. पण खिडकी सारखी आहे म्हणजे खिडकीपर्यंतची वाट सारखी होत नाही. मला त्या कचेरीत वीस मिनिटं लागली. म्हाताऱ्याला तीन खेपा, जाऊन-येऊन जीपभाडं आणि बुडालेला रोज. आम्ही दोघेही मतदार, दोघांच्या मताची किंमत एक. तरी नागरिक म्हणून जगायला त्याला माझ्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. अल्पसंख्याकांचे हक्क म्हणजे ही महागाई भरून काढण्याची व्यवस्था. त्यात दान नाही आणि उपकारही नाहीत.

आणि हे आपण मराठी लोक उत्तम समजतो, फक्त बेळगावात समजतो. तिथला मराठी माणूस सरकारी कागद मराठीतून मागतो तेव्हा तो नियमावर बोट ठेवून मागतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र आणि राज्यांमध्ये ठरलेल्या संरक्षणांतलं एक असं, की ज्या भागात त्यांची वस्ती 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात. बेळगावासाठी आपली विधानसभा ठराव करते, आणि करावेतच. मग अक्राणीत, जिथे टक्केवारी 15 ची नाही, तिच्या कितीतरी पट आहे, तिथल्या दवाखान्याच्या भिंतीवर पावरीत एक ओळ का नाही? गोळी कधी घ्यायची एवढं तरी?

म्हणतात, त्या बोलीला लिपी नाही. मराठी तरी कुठे स्वतःची लिपी घेऊन जन्माला आली? देवनागरी संस्कृतलाही चालते, हिंदीला चालते, नेपाळीला चालते. पावरीला चालायला कोणाची हरकत? नर्मदेच्या खोऱ्यात सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या जीवनशाळांनी 1990 च्या दशकापासून पावरीतून शिकवून दाखवलं आहे. शिवाय कचेरीत बोलायला लिपी लागतच नाही, पावरी येणारा एक माणूस लागतो. त्या दप्तरवाल्या पोरासारखी मुलं शिकून घरी बसली आहेत. त्यांना खिडकीच्या आत घ्या.

लिपीचं सोडा, आकड्यांचं बघा. घटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. 2011 च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे 24,821 निघाले, आणि संस्कृत अनुसूचीत आहे. तिचा मान मोठा, ती असावीच. सिंधी 1967 साली घेतली गेली. फाळणीत सगळं सोडून आलेल्या, भारतात स्वतःचं एकही राज्य नसलेल्या लोकांची भाषा. जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या जुन्या माणसांना विचारा, त्याचं त्यांना काय वाटलं असेल. देशाने तेव्हा मोठं मन दाखवलं. आणि भिली? त्याच जनगणनेत भिली-भिलोडी गटाच्या भाषा बोलणारे 1 कोटी 4 लाख. पावरी, मावची, वसावे यांची बोली, सगळं त्याच गटात मोजलेलं. अनुसूचीबाहेरच्या भाषांत ती सर्वांत मोठी. 2003 मध्ये बोडो आणि संथाळी आत गेल्या, भिली बाहेरच राहिली. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांत ती वाटली गेली, म्हणून कुठल्याच विधानसभेत तिचं वजन पडलं नाही. नवापूरचा बाक एका फलाटावर आहे. भिल्लांच्या मुलखातून असे किती बाक गेले असतील.

दुसरं उत्तर जरा गंभीर आहे. अशानं देशाचे तुकडे होतील. पण तुकडे कशानं होतात याचा हिशेब आपल्या शेजारीच मांडलेला आहे. श्रीलंकेनं 1956 मध्ये फक्त सिंहली राजभाषा केली आणि पुढे पंचवीस-सव्वीस वर्षं यादवी भोगली. पाकिस्ताननं बंगालीला दुय्यम ठरवलं, 1952 साली ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या, आणि 1971 मध्ये देशच दोन झाला. याउलट जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला पाच टक्के मतांची अट लागू नाही. इतर सगळ्या पक्षांना आहे. 1955 मध्ये पश्चिम जर्मनी आणि डेन्मार्कनं एकमेकांच्या अल्पसंख्याकांना शब्द दिले. ज्या सीमेसाठी एकोणिसाव्या शतकात दोन लढाया झाल्या तिथे आज भांडायला कोणी नाही. नियम थोडा वाकवला, माणसं राहिली.

इतकं लांबही जायला नको. नंदुरबारच्या चौकात 1942 च्या 9 सप्टेंबरला पोलिसांच्या गोळ्या झेलून पडलेला शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता आणि गुजरातीभाषक घरातला होता. त्या मिरवणुकीची घोषणा गुजरातीत होती, "नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं". आज नंदुरबारची मराठी, भिल्ल, मुसलमान, सगळी पोरं त्याच्या स्मारकाला फुलं वाहतात. ती घोषणा मराठीत का नव्हती, असा प्रश्न या गावाला ऐंशी वर्षांत सुचलेला नाही.

भाषेचं मी इतका वेळ बोललो, कारण तिथे आपल्याला स्वतःचं दुखणं ओळखता येतं. धर्माशी आलो की लोकांचा चेहरा बदलतो. म्हणून तडवींचं उदाहरण घेतो. यावल, रावेर, चोपडा इकडे सातपुड्याच्या कडेनं तडवी भिल्लांची गावं आहेत. धर्मानं मुसलमान, जमातीनं भिल्ल. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्या नोंदीखाली पावरा, वसावे यांच्याच ओळीत तडवी भिल्ल लिहिलेले आहेत. अनुसूचित जातींच्या आदेशाला धर्माची अट आहे. हिंदू, 1956 पासून शीख, 1990 पासून बौद्ध. जमातींना तशी अट नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांना ठाऊक होतं, की आदिवासीपण देवळात किंवा मशिदीत ठरत नाही.

तरी माझ्या ओळखीचे एक निवृत्त तडवी शिक्षक सांगतात, जातपडताळणीच्या वेळी मुलीला विचारलं गेलं, नाव असं आणि तुम्ही आदिवासी कशा? आणि मोहल्ल्यातल्या लग्नात दुसऱ्या बाजूनं विचारलं जातं, तुम्ही आदिवासी आणि मुसलमान कसे? गुरुजी हसत म्हणतात, "आम्ही दोन्ही दारांवर उभे आहोत, दोन्ही घरं आमचीच आहेत." जमातींचा आदेश निघाला त्या 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा शोधत त्यांनी आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी तीन गावं पालथी घातली. आता धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, अशी मागणी जोरात आहे. ती मान्य झाली तर या गुरुजींना कोणतं तरी एक घर सोडावं लागेल. नागरिकाला असं दारात उभं करून निवडायला लावणं, हेच लोकशाहीत होता कामा नये असं मला वाटतं. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावरही माझा आक्षेप हाच आहे. छळ सोसून आलेल्याला आसरा द्यावा, याबद्दल दुमत नाही. जळगावनं सिंधी लोकांना दिलाच. पण आसऱ्याच्या दारात धर्माची चाळणी टांगली की ती चाळणी पुढे घरातही वापरली जाते.

इथवर वाचून अल्पसंख्याकांतले पुढारी खूश झाले असतील तर थोडं थांबावं. समाजाला दिलेला हक्क हा त्या समाजातल्या पंचांना आपल्या सुनालेकींवर दिलेला हक्क नव्हे. आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण होते. ती आमची परंपरा आहे असं कोणी म्हटलं तर त्याला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा दाखवावा. जातपंचायत कुणाला वाळीत टाकत असेल तर 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा दाखवावा. तो कायदा करावा लागला तो काही फक्त अल्पसंख्याकांमुळे नाही, हेही आठवावं. तलाक, पोटगी, वारसा या बाबतीत मुसलमान बाई न्याय मागते तेव्हा तिला 'समाजाची बदनामी' म्हणून गप्प करणारे, आणि तिचा कैवार घेऊन तिच्या नवऱ्याच्या दुकानावर बहिष्कार घाला म्हणणारे, दोघेही तिचे नाहीत. समान नागरी कायद्याबद्दल माझं मत पक्कं झालेलं नाही. उत्तराखंडनं 2024 मध्ये तो केला तेव्हा अनुसूचित जमातींना त्यातून वगळलं, एवढं मात्र नोंदवून ठेवतो. समान म्हणणाऱ्यांनाही वेगळेपण दिसतं, सोयीचं असेल तेव्हा.

कागदांकडे परत येतो, कारण शेवटी सगळं तिथेच येऊन अडतं. आसामच्या नागरिक नोंदणीत 2019 साली 19 लाखांहून अधिक लोक यादीबाहेर राहिले, तेव्हा मला तो थैलीवाला म्हातारा आठवला होता. 'या' आणि 'ऊ'. ज्या देशात कारकुनाच्या कानावर नाव ठरतं, तिथे नावाच्या फरकावर माणसाचा देश ठरवायचा? आपल्याच कायद्यांत याहून शहाणी वाट आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जबाब लिहून घेऊन तो पुरावा धरता येतो. म्हणजे ज्या माणसापाशी कागद नाही त्याच्यासाठी सरकारनं एक पाऊल खाली यायचं. सातपुड्यात त्याची अंमलबजावणी किती रडत-रखडत झाली ते मी पाहिलं आहे, दाव्यांच्या फायली टेबलांवर पिवळ्या पडल्या. पण विचार बरोबर आहे. गाव सांगतं ना, हा आमचा आहे? मग तो आहे.

2011 च्या जनगणनेला आमच्या घरी आलेले मास्तर गावातलेच होते. वडील ओट्यावर बसलेले. दोघांनी अर्धा तास कापसाच्या भावावर, कोणाच्या तरी बैलावर, मास्तरांच्या बदलीवर गप्पा मारल्या, सगळ्या अहिराणीत. चहा झाला. मग मास्तरांनी तक्ता काढला, रकान्यांवरून पेन फिरवत आले आणि विचारलं, "मातृभाषा?" वडील म्हणाले, "लिख मराठी." मास्तरांनी लिहिलं. दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. अहिराणी ज्यात मोजतात तो खान्देशी भाषागट सांगणारे 2001 मध्ये 20 लाख 75 हजार होते, 2011 मध्ये 18 लाख 60 हजार झाले. त्या घटीत आमच्या घरची पाच माणसं नक्की आहेत.

आता 2027 ची जनगणना आहे. वडील नाहीत. मी आईला सांगून ठेवलं, की मातृभाषा विचारतील तेव्हा अहिराणी सांग, मराठी आपली आहेच, ती इतर भाषांच्या रकान्यात येते. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. माझं बोलणं झाल्यावर सूप बाजूला ठेवलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"अहिरानी सांगसू रे भाऊ, पन मंग रेशन ते बंद नही व्हई ना?"